चाचणी पास झाली, आता पान वाचा: सेजमॅथची मदतपानं सांभाळताना

सेजमॅथ (थोडक्यात सेज) या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या फंक्शनचं नाव लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि एंटर मारलं, की त्या फंक्शनची माहिती समोर येते. संदर्भपुस्तिकेच्या पानावर दिसतो तोही हाच मजकूर. तो दोनदा लिहिलेला नसतो. फंक्शनच्या कोडमध्येच, ‘डेफ’ने सुरू होणाऱ्या पहिल्या ओळीखाली, तिहेरी अवतरणचिन्हांत तो एकदाच बसलेला असतो. त्याला डॉकस्ट्रिंग म्हणतात. स्फिंक्स नावाचं साधन तो वाचून पानं तयार करतं.

विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात एक नियम कडकपणे पाळला जातो: प्रत्येक फंक्शनला, अगदी आतल्या वापरासाठी लिहिलेल्यालाही, किमान एक चालणारं उदाहरण हवं. हे उदाहरण म्हणजेच चाचणी. ‘सेज’ आणि कोलन अशा प्रॉम्प्टने सुरू होणारी ओळ यंत्र चालवून बघतं आणि खाली लिहिलेलं उत्तर आलं का ते ताडून पाहतं. यालाच डॉकटेस्ट म्हणतात. त्यामुळे पुस्तिकेतलं उदाहरण जसंच्या तसं टाकलं आणि चाललंच नाही, असा प्रकार इथे कमी होतो. पण चाचणी पास होणं आणि पान बरोबर असणं यांत बरंच अंतर आहे. मदतपान सांभाळणाऱ्यांचा बहुतेक वेळ याच अंतरात जातो.

तयारीबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी २०२३ पासून सेजचं सगळं काम गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर चालतं. त्याआधी ते ट्रॅक नावाच्या व्यवस्थेवर होतं. ‘डेव्हलप’ शाखेवरून आपली शाखा, म्हणजे कोडची स्वतंत्र प्रत, काढायची. पहिला बिल्ड (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बांधणं) लांबतो, साध्या लॅपटॉपवर काही तास धरून चाला. नंतर मात्र पायथॉनच्या फाईलमधला बदल सेज पुन्हा सुरू केलं की लगेच दिसतो; सायथॉनच्या (पायथॉनसारख्या, पण आधी यंत्रभाषेत उतरवाव्या लागणाऱ्या भाषेच्या) फाईलला नव्याने बिल्ड लागतो. बदलाला हात लावण्याआधी ती फाईल जशी आहे तशी ‘सेज -टी’ या चाचणीच्या आज्ञेने एकदा चालवून बघावी. आधीपासूनच काही फसत असेल तर ते तेव्हाच कळतं, आणि नंतर आपल्या माथी येत नाही.

आता एक फंक्शन घेऊन पान कसं उभं राहतं ते पाहू. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांची ६१७४ची कृती बहुतेकांना माहीत असते. चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करायची, चढत्या क्रमाने लावून लहान, आणि मोठीतून लहान वजा करायची. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. सगळे अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. समजा, एक पायरी करून देणारं फंक्शन आपण लिहिलं आहे.

डॉकस्ट्रिंगची पहिली ओळ म्हणजे एका वाक्यात फंक्शन काय देतं ते. सेजची पानं इंग्रजीत असतात आणि हे वाक्य आज्ञार्थी ठेवायचं असतं: ‘रिटर्न्स’ नव्हे, ‘रिटर्न’. पाककृतीत ‘कांदा चिरतात’ न म्हणता ‘कांदा चिरा’ म्हणतात, तसं. मग एक ओळ मोकळी सोडून ‘इनपुट’ हा भाग. त्यात प्रत्येक घटकाचं नाव, प्रकार आणि मुख्य म्हणजे मर्यादा. ‘एन – पूर्णांक’ एवढं लिहून भागत नाही; ‘० ते ९९९९ मधला पूर्णांक’ असं हवं. मग ‘आउटपुट’. पहिल्या ओळीतच सगळं आलं असेल तर हा भाग गाळला तरी चालतो. त्यानंतर ‘एक्झाम्पल्स’, आणि शेवटी ‘टेस्ट्स’. हा शेवटचा भाग चालवला जातो, पण तयार पानावर छापला जात नाही. वाचणाऱ्याला उपयोगाचं ते वरच्या भागात, केवळ यंत्राने राखण करावी असं ते खालच्या भागात. ही वाटणी जमली की पान आपोआप सुटसुटीत होतं. वीस कोपऱ्यांतली वीस उदाहरणं वरच्या भागात कोंबलेली पानं आहेत. ती वाचताना मुद्दा हाती लागत नाही.

उदाहरणाकडे येऊ. ३५२४ दिल्यावर ३०८७ येतं असं लिहिलं, चाचणी चालवली, शेवटी ‘ऑल टेस्ट्स पास्ड!’ आलं. तरी फंक्शन चुकलेलं असू शकतं. सेजमधल्या पूर्णांकाला ‘डिजिट्स’ विचारले की तो अंक एककापासून देतो: ३५२४चे अंक ४, २, ५, ३ या क्रमाने येतात. म्हणून यादी चढत्या क्रमाने लावून तिची संख्या केली तर मोठी संख्या मिळते, लहान नव्हे. हे उलटं पडलं तर वजाबाकी ऋण येते आणि चाचणी ओरडून सांगते. ही चूक बिनधोक. धोक्याची चूक दुसरी. २१११ घ्या: २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. कापरेकरांच्या कृतीत हे ०९९९ आहे, म्हणून पुढची पायरी ९९९० वजा ०९९९, म्हणजे ८९९१. पण ‘डिजिट्स’ला नुसते अंक विचारले तर तो ९, ९, ९ एवढेच देतो. मग ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्य, आणि त्यानंतर कायम शून्यच. ६१७४ची वाट पाहणारा लूप कधी थांबत नाही. ‘डिजिट्स’ला ‘पॅडटू’ (किमान किती अंक हवेत) म्हणून ४ दिलं की पुढचा शून्य यादीत धरला जातो आणि सगळं जागेवर येतं. ३५२४च्या संपूर्ण साखळीत तीन अंकी उत्तर कुठेच येत नाही, म्हणून ते उदाहरण ही चूक कधीच पकडणार नाही. पानावर ९९९चं उदाहरण हवंच, त्याच्या आधी ‘चारपेक्षा कमी अंक असतील तर पुढे शून्य धरले जातात’ हे वाक्य हवं. सोबत ११११ देऊन ० येतं हेही दाखवावं.

इथेच एका सोयीच्या साधनाबद्दल बजावून ठेवतो. ‘सेज --फिक्सडॉकटेस्ट्स’ ही आज्ञा फसलेल्या उदाहरणांखालची अपेक्षित उत्तरं काढून तिथे आत्ता आलेली उत्तरं लिहिते. शंभर ठिकाणी छापण्याची पद्धत बदलली असेल तेव्हा हे साधन फार वेळ वाचवतं. पण वरच्या प्रसंगात काय होईल पाहा. लिहिणाऱ्याने कागदावर करून ९९९साठी ८९९१ लिहिलं, कोडने शून्य दिलं, चाचणी फसली, आणि घाईत ही आज्ञा चालवली. आता पानावर शून्य छापलेलं आहे, चाचणी पास होते आहे, आणि पुढे कोणी कोड दुरुस्त केला तर चाचणी त्यालाच चूक ठरवेल. म्हणून ही आज्ञा चालवली की लगेच ‘गिट डिफ’ (काय काय बदललं याची यादी) उघडायचा आणि बदललेली एकेक ओळ वाचायची. प्रत्येक उत्तर का बदललं हे सांगता येत नसेल तर तो बदल ठेवायचा नाही.

आता मांडणी. सेजमध्ये एकेरी बॅकटिकमधला (उलट्या अवतरणचिन्हातला) मजकूर गणित म्हणून छापला जातो, दुहेरी बॅकटिकमधला कोड म्हणून. स्फिंक्स वापरणाऱ्या दुसऱ्या प्रकल्पांतून आलेल्यांची इथे हमखास गल्लत होते: फंक्शनचं नाव एकेरी बॅकटिकमध्ये टाकलं की ते तिरप्या अक्षरांत, जणू चलांचा गुणाकार असावा तसं दिसतं.

दुसरी गल्लत बॅकस्लॅशची. गणित लेटेक या सूत्रं छापण्याच्या भाषेत लिहायचं म्हणजे बॅकस्लॅश आलाच, आणि साध्या अवतरणात पायथॉन त्याचा स्वतःचा अर्थ लावतो. ‘थीटा’च्या आधी बॅकस्लॅश असेल तर बॅकस्लॅश आणि ‘टी’ मिळून टॅब होतो, आणि पानावर ‘हीटा’ उरतो. ‘फ्रॅक’चा ‘एफ’ खाल्ला जातो, ‘बीटा’चा ‘बी’, ‘ऱ्हो’चा ‘आर’, आणि ‘नाब्ला’च्या जागी नवी ओळ सुरू होते. ‘सम’ला मात्र काही होत नाही, कारण बॅकस्लॅश-एस हा पायथॉनचा संकेत नाही. म्हणून बेरजेचं सूत्र नीट छापलेलं पाहून माणूस निर्धास्त राहतो आणि दोन ओळी खालचा थीटा तुटलेला असतो. उपाय अर्ध्या सेकंदाचा आहे: उघडणाऱ्या तिहेरी अवतरणाआधी ‘आर’ हे अक्षर. डॉकस्ट्रिंगमध्ये एकही बॅकस्लॅश असेल तर ते लावायचंच. यातली कोणतीही चूक डॉकटेस्टला दिसत नाही, कारण ती फक्त प्रॉम्प्टच्या ओळी आणि त्यांची उत्तरं पाहते.

कोलनचंही तसंच. ‘एक्झाम्पल्स’नंतर लगेच कोड येणार असेल तर दोन कोलन लागतात. आधी एखादं वाक्य असेल तर ‘एक्झाम्पल्स’ला एक कोलन, आणि दोन कोलन त्या वाक्याच्या शेवटी. खालचा कोड चार जागा आत, मध्ये एक ओळ मोकळी. दुसरा कोलन राहिला तर स्फिंक्स त्या कोडला साधा परिच्छेद समजतं, प्रॉम्प्ट आणि उत्तरं एकाच ओळीत वाहत जातात. चाचणी मात्र पास. तयार झालेलं पान डोळ्यांनी पाहणं हाच खरा इलाज.

आम्ही सगळ्यात जास्त वाद घालतो तो संकेतांवर. गणितात एकाच शब्दाचे दोन संकेत असतात आणि सॉफ्टवेअरला त्यातला एक निवडावा लागतो. सेजमध्ये मॅट्रिक्सला ‘कर्नल’ विचारलं तर डावीकडून गुणून शून्य देणारे सदिश मिळतात. बहुतेक पाठ्यपुस्तकांत कर्नल म्हणजे उजवीकडून गुणून शून्य देणारे. त्यासाठी सेजमध्ये ‘राइट कर्नल’ ही वेगळी पद्धत आहे. अशा पानासाठी पहिली ओळ १, २ आणि दुसरी २, ४ अशी मॅट्रिक्स निवडली तर काय होईल? ती सममित आहे. डावं आणि उजवं दोन्ही कर्नल २, −१ याच सदिशाने बनतं. उदाहरण बरोबर, चाचणी पास, आणि वाचणाऱ्याचा गैरसमज पक्का. दुसरी ओळ ३, ६ अशी करा: डावं कर्नल ३, −१ आणि उजवं २, −१. एका ओळीच्या फरकाने संकेत उघडा पडतो. संकेत असलेल्या प्रत्येक पानावर उदाहरण असंच निवडावं, की दुसऱ्या संकेताने वेगळं उत्तर आलं असतं. डावं-उजवं, आरंभ शून्यापासून की एकापासून, क्रमचय कोणत्या बाजूने जोडायचे, सगळीकडे हीच कसोटी.

याच्याच जवळचा एक मुद्दा प्रॉम्प्टवरच्या भाषेचा. सेजच्या प्रॉम्प्टवर २^३ म्हणजे ८, आणि १/२ हा अचूक अपूर्णांक. कारण ओळ पायथॉनकडे जाण्याआधी सेज तिच्यावर संस्कार करतं. डॉकटेस्टच्या ओळींवरही तो संस्कार होतो. पण साध्या पायथॉन फाईलमध्ये तोच २^३ म्हणजे १ होतो, आणि १/२ म्हणजे ०.५. उदाहरण उचलून स्वतःच्या फाईलमध्ये टाकणारा वाचक इथे अडकतो. आपलं कापरेकर फंक्शनही साधा पायथॉन पूर्णांक मिळाला तर ‘डिजिट्स’ विचारताना कोसळेल, म्हणून आत येताच त्याला सेजचा पूर्णांक करून घ्यायचं आणि ‘टेस्ट्स’मध्ये तसं एक उदाहरण ठेवायचं.

मग येतात काही न करताही बदलणारी उत्तरं. सेज हा पारी, गॅप, सिंग्युलर, मॅक्सिमा, फ्लिंट अशा अनेक प्रणालींच्या खांद्यावर उभा आहे. त्यातली एक नव्या आवृत्तीला गेली की कुठल्यातरी पानावरची उत्तरं हलतात. बहुतेकदा नवं उत्तरही बरोबरच असतं: दीर्घवृत्तीय वक्राचा जनक म्हणून दुसरा बिंदू निवडला गेला, सदिशाचं चिन्ह उलटलं, संकलनाचं (इंटिग्रलचं) उत्तर वेगळ्या पण समान रूपात आलं. अशा ठिकाणी नुसतं उत्तर बदलून ठेवलं तर पुढच्या आवृत्तीला पुन्हा तेच काम. त्याऐवजी उदाहरणात गुणधर्म तपासावा. लक्षण-सदिश (आयगेनव्हेक्टर) छापण्यापेक्षा मॅट्रिक्सने गुणलेला सदिश आणि लक्षण-मूल्याने गुणलेला सदिश यांतला फरक अमुकपेक्षा लहान आहे का, हे विचारावं. वाचणाऱ्यालाही सदिशाचा उपयोग त्यातून जास्त कळतो. दशांश उत्तरांसाठी ओळीच्या शेवटी ‘अ‍ॅब्स टॉल’ किंवा ‘रेल टॉल’ अशी खूण आणि सहनमर्यादा लिहायची. संचाचे घटक छापताना क्रमाची खात्री नसते, ते ‘सॉर्टेड’मधून काढायचे. ‘रँडम’ ही खूण शक्यतो टाळावी, कारण मग ओळ चालवली जाते पण उत्तर कोणी तपासत नाही. यादृच्छिक मॅट्रिक्स हवी असेल तर ती बनवा आणि तिचा आकार किंवा कोटी (रँक) छापा.

मॅक्सिमाकडे जाणाऱ्या संकलनांत एक खास अडचण येते. घातांकातल्या ‘ए’चं चिन्ह माहीत नसेल तर मॅक्सिमा प्रश्न विचारतो, आणि सेज तो त्रुटी म्हणून दाखवून ‘अस्यूम’ वापरून बघा असं सुचवतं. पानावर ही त्रुटी दाखवायला संकोचू नये. वापरणाऱ्याला ती भेटणारच आहे. त्रुटी लिहिताना ‘ट्रेसबॅक’ची (त्रुटी कुठून आली त्या यादीची) पहिली ओळ, मध्ये तीन टिंबं, आणि शेवटी त्रुटीचं नाव आणि संदेश. मधला तपशील यंत्र पाहत नाही. पुढच्या उदाहरणात ‘ए’ धन आहे असं गृहीत धरायचं, उत्तर दाखवायचं, आणि लगेच ‘फर्गेट’ चालवायचं. चलं प्रत्येक डॉकस्ट्रिंगला नवी मिळतात, पण मॅक्सिमाला सांगितलेलं गृहीतक त्याच्याकडे राहतं. ‘फर्गेट’ विसरलं तर तीनशे ओळी खालचं, संबंध नसलेलं उदाहरण फसतं आणि कारण शोधण्यात दुपार जाते.

सगळ्यात आधी शिळी होतात ती न चालणारी उदाहरणं. ‘ऑप्शनल’ किंवा ‘नीड्स’ खूण असलेली ओळ ते पॅकेज नसेल तर मुकाट्याने वगळली जाते. ‘लाँग टाइम’ची ओळ ‘--लाँग’ दिल्याशिवाय चालत नाही. ‘नॉट टेस्टेड’ची तर कधीच नाही. शेवटी ‘ऑल टेस्ट्स पास्ड!’ येतं, पण त्यात वगळलेल्या ओळी मोजलेल्याच नसतात. सशुल्क परवान्यावर चालणाऱ्या सॉल्व्हरची उदाहरणं तर फार थोड्या संगणकांवर चालवली जातात. त्यामुळे ‘नॉट टेस्टेड’ लावायचं असेल तर कारणासकट लावावं: खिडकी उघडते, इंटरनेट लागतं, मिनिटं लागतात. आणि सेकंदाहून जास्त वेळ घेणाऱ्या उदाहरणाला ‘लाँग टाइम’ लावण्याआधी संख्या लहान करून बघावी. पाच बाय पाचच्या मॅट्रिक्सने जे समजतं त्यासाठी पन्नास बाय पन्नासची गरज नसते.

नवी फाईल असेल तर तिचं नाव संदर्भपुस्तिकेच्या त्या विभागाच्या ‘इंडेक्स’ फाईलमध्ये घालावं लागतं. हे राहिलं तर डॉकस्ट्रिंग उत्तम, चाचण्या पास, किती फंक्शनांना उदाहरण आहे ते मोजणारं ‘सेज --कव्हरेज’ शंभर टक्के, प्रश्नचिन्ह टाकून मदतही येते. फक्त पुस्तिकेत पान नसतं. वर्गाच्या बाबतीत वापराची माहिती वर्गाच्याच डॉकस्ट्रिंगमध्ये ठेवायची, ‘इनिट’ या पद्धतीच्या डॉकस्ट्रिंगमध्ये नाही, कारण अधोरेषेने सुरू होणाऱ्या पद्धती पुस्तिकेत साधारणपणे येत नाहीत. कापरेकर संख्यांच्या अनुक्रमासारखा दुवा द्यायचा असेल तर पत्ता लिहू नये. पूर्णांक-अनुक्रमांच्या कोशासाठी ‘ओईआयएस’ ही तयार खूण आहे. त्यात ए००६८८६ एवढा क्रमांक पुरतो. संकेतस्थळांचे पत्ते बदलतात. खुणेचा पत्ता एका ठिकाणी सुधारता येतो.

मग ‘सेज --डॉकबिल्ड’ने तेवढ्या विभागाचं पान बांधायचं आणि इशारे वाचायचे. ‘अनएक्स्पेक्टेड इंडेंटेशन’ आलं की बहुतेकदा यादीतल्या दुसऱ्या ओळीची जागा चुकलेली असते. संपूर्ण पुस्तिका स्वतःच्या संगणकावर बांधण्याचा हट्ट नको, ती वेळ आणि मेमरी दोन्ही खाते. बदल गिटहबवर टाकला की पानाची पूर्वदृश्य प्रत तिथे तयार होते. तिचा दुवा पुनरावलोकन करणाऱ्याला फार उपयोगी पडतो. पुनरावलोकन दुसऱ्याच व्यक्तीने करायचं असतं. त्यांना एकच विनंती करावी: कोड न बघता फक्त पान वाचून फंक्शन वापरून दाखवा.

एखाद्या पद्धतीचं नाव बदललं असेल तर जुनं नाव निदान वर्षभर इशारा देत चालू राहतं, आणि तो इशाराही एका डॉकटेस्टमध्ये राखलेला असतो. पुस्तिकेतली बाकीची उदाहरणं मात्र त्याच दिवशी नव्या नावावर आणायची. जर्मन, फ्रेंच, जपानी, पोर्तुगीज अशा अनुवादित पाठांतली उदाहरणंही चाचणीत असतात, म्हणून तिथला कोड सुधारला जातो. त्याच्या वरचं वाक्य जुनंच राहतं, आणि ते शोधून द्यायला कोणतीच आज्ञा नाही. ती भाषा वाचणाऱ्यालाच गाठावं लागतं.